राजा एक, बैल चार

बैलगाड्याच्या घाटात निकाल लागायला अकरा-बारा सेकंद लागतात आणि त्या निकालावरचा वाद पुढच्या यात्रेपर्यंत पुरतो. शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, खेडच्या हद्दीजवळ असलेल्या पाबळला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्या माणसाला हे गाव मस्तानीच्या कबरीमुळे आणि विज्ञान आश्रमामुळे ठाऊक असतं. पंचक्रोशीतल्या माणसाच्या डोक्यातला नकाशा मात्र घाटांचा असतो. निमगावच्या खंडोबाचा घाट, थापलिंगचा घाट, आणि मधल्या गावांच्या ग्रामदैवतांचे आपापले. यात्रांच्या हंगामात या पट्ट्यातली निम्मी पुरुषमंडळी डोक्यावर टॉवेल टाकून घाटाच्या कडेला उभी असतात. दिवस मावळताना निवेदक ‘घाटाचा राजा’ म्हणून ज्याचं नाव पुकारतो, तो राजा त्या दिवशी एक पाऊलही पळालेला नसतो. तो गाडामालक असतो. पळालेले चौघे तोवर टेम्पोत चढून वैरणीला लागलेले असतात.

या पुरस्काराच्या निवडीत काहीतरी मुळातच चुकतंय, एवढंच मला म्हणायचं आहे. आधी घाटाची रीत सांगितली पाहिजे, कारण सातारा-सांगलीकडच्या वाचकाला शर्यत म्हटलं की सपाट मैदान, दोन बैल आणि त्यांच्या मागे उभा गाडीवान दिसतो, आणि विदर्भातल्या वाचकाला शंकरपट. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बाजूला प्रकरण वेगळं आहे. इथे धावपट्टी चढाची असते, म्हणून तिला घाट म्हणायचं. पुढे घोडी, तिच्यावर स्वार. तिच्या मागे दोन-दोनच्या दोन जोड्यांत चार बैल. त्यांच्या मागे गाडा नावाचा एक हलका सांगाडा, ज्यात कोणीही बसत नाही. खाली दहा-वीस जण बैल जुंपतात, धरतात, सोडतात आणि लगेच बाजूला उड्या मारतात. वर निशाणापाशी झेंडा पडतो, घड्याळ थांबतं, निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणून आरोळी ठोकतो आणि हवेत भंडारा उडतो. या एका फेरीला बारी म्हणतात. बारी किती सेकंदांत बसली यावर गाड्याचा नंबर ठरतो. अमुक सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यानंतरचे दुसऱ्या नंबरात, असे गट असतात आणि पहिल्या नंबराचं बक्षीस त्या गटातल्या सगळ्यांत वाटून दिलं जातं. पहिला नंबर वीस-पंचवीस जणांना देण्याची ही युक्ती ज्यानं काढली, त्याला गावकीचं राजकारण आतून-बाहेरून कळत होतं. यात्रा गावाची, वर्गणी गावाची, निवडणूकही गावाची. एकच पहिला काढून बाकीच्यांशी वर्षभर अबोला कोण धरणार? फक्त एका जागी यात्रा कमिटीचा नाइलाज होतो. दिवसातली सर्वांत कमी वेळेची बारी ज्याची, तो घाटाचा राजा. राजेपण वाटून देता येत नाही, आणि म्हणून भांडण उरतं.

भांडण मालकामालकांत होतं, हे नवल. ‘घड्याळ उशिरा दाबलं’, ‘झेंडा आधी पडला’, ‘आमची बारी टळटळीत उन्हात आली’, ही त्यातली ठरलेली कलमं. पण त्या एका बारीत घोडीचं काम किती, पुढच्या जोडीचं किती, मागच्या जोडीचं किती, आणि त्या दोघांतही डाव्याचं किती अन् उजव्याचं किती, यावर निकाल देणारं कोणी नाही. घाटाच्या कडेला बसलेले म्हातारे यावर तासन्‌तास बोलतात, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतात. पण त्यांचं बोलणं कमिटीच्या वहीत जात नाही. वहीत मालकाचं नाव, गाव आणि सेकंद जातात. मग दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मालक, मालकाचे बंधू, चिरंजीव, मार्गदर्शक म्हणून एक आजी आमदार आणि बेरजेचं राजकारण म्हणून एक माजी. बैल खालच्या कोपऱ्यात असतो आणि जागा पुरली नाही म्हणून त्याची शिंगं कापलेली असतात.

हा घोळ फक्त आपल्याकडचा आहे, असं मानून खंत करू नये. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात दर हंगामाला प्रत्येक लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला पुरस्कार देतात आणि त्यावर ते लोक शंभर वर्षांहून अधिक काळ भांडताहेत. त्याची सुरुवातही आपल्याला घरची वाटावी अशी आहे. १९१० साली ह्यू चाल्मर्स नावाच्या मोटार कारखानदारानं जाहीर केलं की, ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वांत जास्त त्याला माझी मोटारगाडी. आपल्याकडे २०२२ साली चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी ठेवला होता, तेव्हा पुण्यातल्या काही सुसंस्कृत मंडळींनी कपाळाला हात लावला. त्यांना चाल्मर्स माहीत नसावा. तर त्या वर्षी स्पर्धा उरली टाय कॉब आणि नॅप लाजवे या दोघांत. कॉब गुणी आणि भांडकुदळ, त्यामुळे गुणांची कदर प्रेक्षकांनी करायची आणि भांडणांची प्रतिस्पर्ध्यांनी, अशी वाटणी झालेली. सरासरी खाली येऊ नये म्हणून कॉब शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. शेवटच्या दिवशी लाजवेच्या समोर सेंट लुइसचा संघ होता. त्यांच्या व्यवस्थापकानं आपल्या एका नवख्या क्षेत्ररक्षकाला मुद्दाम लांब मागे उभं केलं; लाजवेनं हलकेच चेंडू पुढ्यात टाकून पळत राहायचं, एवढंच काम उरलं. दोन सामन्यांत त्याचे आठ फटके यशस्वी ठरले. बोभाटा झाला, व्यवस्थापकाची नोकरी गेली, आणि चाल्मर्सनं दोघांनाही एकेक गाडी देऊन टाकली. बक्षीस विभागून देण्याची आपली पद्धत अशी अमेरिकेतही चालते.

त्या फजितीतून ते जे शिकले, ते आपल्या उपयोगाचं आहे. पुढच्या वर्षीपासून त्यांनी एका आकड्यावरून बक्षीस देणं सोडलं आणि पत्रकारांच्या समितीला विचारलं की, आपल्या संघाला सर्वांत उपयोगी पडला तो कोण? आकडा एकच ठेवला की माणूस आकड्यासाठी खेळतो, एवढं त्यांना कळलं. मात्र प्रश्न बदलला म्हणून उत्तरं शहाणी झाली नाहीत. १९२०च्या दशकात अमेरिकन लीगमध्ये असा नियम होता की, एकदा पुरस्कार मिळालेल्याला तो पुन्हा द्यायचा नाही. बेब रूथला तो १९२३ मध्ये मिळाला होता. त्यामुळे १९२७ मध्ये त्यानं साठ होमरन मारले तेव्हा त्याचं नाव विचारातही घेता आलं नाही. सरपंचपदाचं आरक्षण फिरतं ठेवतात, तसा हा विचार असावा. १९३१ पासून बेसबॉल पत्रकारांची संघटना मतदान घेते. १९४७ मध्ये बोस्टनच्या टेड विल्यम्सनं सरासरी, होमरन आणि आणवलेल्या धावा या तिन्ही याद्यांत पहिला नंबर काढला. सरासरी .३४३, होमरन ३२, धावा ११४. न्यूयॉर्कच्या जो डिमॅजिओचे तेच आकडे .३१५, २० आणि ९७. पुरस्कार डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१ गुणांनी. एका मतदाराच्या पहिल्या दहांत विल्यम्सचं नावच नव्हतं. विल्यम्सचं पत्रकारांशी पटत नसे आणि डिमॅजिओचा संघ जिंकला होता, या दोन गोष्टी तिन्ही याद्यांना भारी पडल्या. अशा वेळी आपल्याकडे ‘कमिटी मॅनेज झाली’ म्हणतात.

‘जिंकला त्याचाच तो मोलाचा’ हा विचार इतका सरळ वाटतो की, त्याच्याशी भांडायला आधी धीर होत नाही. गाडा पहिल्या नंबरातच आला नाही, तर त्यातला बैल कितीही चांगला पळाला असला तरी त्याचा उपयोग काय, असं कुणीही विचारील. पण २०१२ चं उदाहरण पाहा. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेरानं तोच तिहेरी पराक्रम केला, जो १९६७ नंतर कुणालाच जमला नव्हता. त्याच्याविरुद्ध लॉस एंजेलिसचा वीस-एकवीस वर्षांचा माइक ट्राउट. तो पळायचा जास्त, मैदानाच्या मधोमध क्षेत्ररक्षण करायचा, आणि सगळ्याची गोळाबेरीज केली तर त्याचं पारडं बरंच जड भरत होतं. काब्रेराला पहिल्या पसंतीची २८ पैकी २२ मतं मिळाली. त्याच्या बाजूनं मोठा मुद्दा काय होता? त्याचा संघ बाद फेरीत पोचला, ट्राउटचा पोचला नाही. आता गंमत अशी की, डेट्रॉइटनं त्या हंगामात ८८ सामने जिंकले होते आणि ट्राउटच्या संघानं ८९. ज्यांनी कमी जिंकले ते पुढे गेले, कारण त्यांच्या गटात स्पर्धा हलकी होती. म्हणजे ट्राउटचा दोष एवढाच की तो अवघड घाटात पळाला.

इथं आपल्या घाटाच्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली पाहिजे, कारण ही गोष्ट त्यांना कधीची ठाऊक आहे. सगळे घाट सारखे नसतात. कुठं चढ छातीवर येतो, कुठं शेवटी सपाटी लागते, कुठं माती भुसभुशीत, कुठं मुरूम. सकाळी पहिल्या टोकनला, म्हणजे पहिल्या पाळीत, पळालेल्या गाड्याला ताजी धावपट्टी मिळते आणि संध्याकाळी पळणाऱ्याला शेकडो खुरांनी उकरलेली. त्यामुळे या गावचे साडेअकरा सेकंद आणि त्या गावचे साडेअकरा सेकंद एकमेकांसमोर ठेवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी दूध मोजणं. पण या अडचणीनं माझं म्हणणं मोडत नाही. बेसबॉलवाल्यांनाही हेच दुखणं आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, तिथली हवा विरळ, चेंडू लांब जातो, म्हणून तिथले आकडे ते कमी करून वाचतात. आपणही एका घाटाची वेळ दुसऱ्या घाटाशी ताडून न पाहता, त्याच दिवशी त्याच घाटात पळालेल्या बाकीच्या गाड्यांशी ताडून पाहिली की बरंचसं काम होतं. त्याला फार गणित लागत नाही. दिवसभरच्या बाऱ्या वहीत असतातच.

खरी मेख पुढे आहे. एका बारीची वेळ चौघांची मिळून असते आणि आपल्याला त्यातला एकटा वेगळा काढायचा आहे. बेसबॉलच्या हिशेबनीसांनी यावर जो तोडगा काढला, तो ऐकायला साधा आणि पटायला कठीण आहे. खेळाडूनं काय केलं हे विचारू नका. तो नसता आणि त्याच्या जागी हाताशी मिळेल तो साधारण खेळाडू उभा केला असता, तर संघानं किती सामने कमी जिंकले असते, ते विचारा. या हिशेबात ट्राउटचं मोल दहा सामन्यांच्या वर भरत होतं, काब्रेराचं सातच्या आसपास. आता हीच कसोटी घाटाला लावायची, तर हाताशी मिळेल तो साधारण बैल म्हणजे बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारातून आदल्या आठवड्यात आणलेला, चांगल्या खांद्याचा, पण घाट न पाहिलेला बैल. उद्याच्या बारीत तुमच्या ‘राजा’ नावाच्या बैलाच्या जागी तो जुंपला तर वेळ किती वाढेल? अर्ध्या सेकंदानं वाढली तर राजा खरा राजा. पाव सेकंदानंच वाढली, तर राजाच्या नावावर शेजारच्या तिघांचं श्रेय खपतंय. आणि वेळ उलट कमी झाली, तर मालकानं त्याच संध्याकाळी बेल्ह्याच्या बाजाराचा वार पाहावा.

कागदावर हे ठीक, पण बैल काही असे बदलून बघता येत नाहीत, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या, हंगामभर घाटात दुसरं काय चालतं? एका मालकाकडे चारही बैल पळतीचे असणं हे मोठ्या घरचं काम. बाकीचे लोक दोन माझे, दोन तुझे अशी जुगलबंदी जमवतात आणि कमिटीकडे दोघांच्या नावानं टोकन घेतात. या यात्रेला एकाशी जुगलबंदी, पुढच्या यात्रेला दुसऱ्याशी. कधी बैल दुखावला म्हणून, कधी मालक दुखावला म्हणून. त्यामुळे एकच बैल एका हंगामात पाच-सहा वेगवेगळ्या साथीदारांबरोबर पळतो. याहून चांगला प्रयोग कुठल्या विद्यापीठालाही मांडता येणार नाही. अमुक बैल सोबत असताना बाकीच्यांची वेळ सुधारते आणि तो निघून गेला की तेच बाकीचे सुस्तावतात, असं चार घाटांत दिसलं, तर आणखी पुरावा कसला हवा? सांगली-साताऱ्याकडे लोकांनी हा हिशेब कधीच केला आहे. तिकडच्या मैदानांत गाजलेल्या बकासुर नावाच्या बैलाची कीर्ती एका विजयातून झालेली नाही. कधी मथुर, कधी महिब्या, असा जोडीदार बदलत गेला तरी निकालात एक नाव टिकून राहिलं, म्हणून लोक त्याला ओळखू लागले. २०२३ मध्ये भाळवणीच्या मैदानात बकासुर आणि महिब्यानं थार गाडी जिंकली तेव्हा चर्चा बकासुराचीच जास्त झाली. महिब्यावर त्यात अन्याय झाला असेलही. तो झाला की नाही, हे महिब्या इतरांबरोबर कसा पळतो यावरूनच कळणार; त्याच्या फोटोवरून नाही.

दोन बैलांचं मैदान त्या मानानं सोपं. आपल्याकडे चार, त्यातही पुढची जोडी आणि मागची जोडी यांची कामं वेगळी. पुढच्यांनी घोडीच्या मागे सरळ रेषेत सुटायचं. मागच्यांच्या मानेवर गाड्याचा भार, आणि गाडा कडेला झोकला की तो सावरायचा त्यांनीच. प्रेक्षकाची नजर अर्थात पुढच्या जोडीवर असते, कारण झेंड्याखालून आधी ती जाते. क्रिकेटमध्ये षटकार मारणाऱ्याचं जे होतं तेच. आयपीएलमध्ये मोलाचा खेळाडू ठरवायला जी गुणांची पद्धत आहे, तीत षटकाराला साडेतीन गुण, चौकाराला अडीच, बळीला साडेतीन, निर्धाव चेंडूला एक. पळून काढलेल्या एक-दोन धावांना काहीच नाही. अख्खा डाव एकेक धावेवर बांधून ठेवणारा फलंदाज या हिशेबात घरी झोपलेला असतो. मागच्या जोडीतला शहाणा बैल हा त्याच जातीचा. तो चुकला तरच दिसतो. गाडा घाटाबाहेर गेला, तर सगळे त्याच्या नावानं ओरडतात. शंभर वेळा सरळ नेला तर पुढच्या जोडीवर भंडारा उधळतात. माझा वैयक्तिक कल विचाराल, तर कुठल्याही घाटात सर्वांत मोलाचा बैल शोधायला मी आधी मागे बघेन. पण कल हा पुरावा नव्हे, आणि या लेखाचा तोच तर वाद आहे.

पुरावा यंत्रानं मिळेल, असं पाबळमध्ये कुणाला सुचणं स्वाभाविक आहे. डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये इथं विज्ञान आश्रम सुरू केला तो हातानं काम करत शिकण्यासाठी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे हवी ती वस्तू बनवून पाहण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये याच गावात उभी राहिली. तिथल्या पोरांना जुवाखाली चार बाजूंना भार मोजणारे सेन्सर बसवणं अवघड जाऊ नये. प्रत्येक बैलानं दर क्षणाला किती ओढलं, याचा आलेख मोबाइलवर दिसेल. दिसावाच, माझा विरोध नाही. पण त्यानं निकाल लागेल ही आशा ठेवू नये. जास्त ओढलं म्हणजे जास्त उपयोगी पडलं, असं नसतं. जो बैल तिरका ओढतो, तोही जोर लावतोच, आणि त्याला सरळ ठेवण्यात शेजारच्याचा निम्मा जोर खर्च होतो. यंत्र दोघांनाही सारखी शाबासकी देईल. ताकद सेन्सरला कळते. सोबत्यानं त्या ताकदीचं काय केलं, हे निकालाच्या वहीतच कळतं.

आता मालकांचा आक्षेप, जो सर्वांत मोठ्या आवाजात येणार. बैल आम्ही सांभाळला. दूध, अंडी, खारीक, उडीद त्याच्या पोटात आम्ही घातलं. घरच्यांच्या ताटात काय पडलं ते विचारू नका. बंदीच्या काळात, २०१४ पासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, शर्यत नसताना दावणीला बसलेला बैल आम्ही विकला नाही. मोर्चे आम्ही काढले, न्यायालयाच्या तारखांना आम्ही गेलो. मग राजा आम्ही नाही तर कोण? यातलं शब्दन्‌शब्द खरं आहे आणि त्याचा सन्मान वेगळा झाला पाहिजे. पण बेसबॉलच्या संघांनाही मालक असतात, ते मालक आपल्या दावणीपेक्षा पुष्कळ जास्त खर्च करतात, आणि शंभर वर्षांत एकाही मालकानं मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार स्वतःच्या गळ्यात घालून घेतल्याचं उदाहरण नाही. मालकाला मोटारसायकल द्या, ट्रॅक्टर द्या, जेसीबी द्या. तसंही जेसीबी चालवण्याचा परवाना बैलाच्या नावावर निघत नाही. मुद्दा फक्त नावाचा आहे.

मग कुणी हळूच विचारतं, बैलाला काय त्याचं? त्याला पुरस्कार कळतो का? कळत नाही, हे उघड. पण कळण्याची अट लावायची तर कित्येक साहित्य पुरस्कारही परत घ्यावे लागतील. शिवाय बैलाच्या मानापमानाचा प्रश्न हास्यास्पद मानण्याची सोय आता राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणणाऱ्या ७ मे २०१४ च्या निकालात प्राण्यांच्या प्रतिष्ठेची भाषा गंभीरपणे वापरली होती. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचं काही मान्य केलं नाही. म्हणजे नऊ वर्षं देशातलं सर्वोच्च न्यायपीठ बैल हा कोण, यावर विचार करत होतं. तेवढ्या वेळात आपल्या निकालाच्या वहीत त्याच्या नावाला एक ओळ मिळाली नाही. शर्यतीच्या बाजूनं बोलणारे नेहमी सांगतात की बैल आमच्या घरचा माणूस आहे. असेल तर घरच्या माणसाचं नाव पत्रिकेत छापतात, हा आपला रिवाज त्यालाही लागू व्हावा.

आणखी एक आक्षेप रसिकांचा आहे: असला हिशेब मांडला की शर्यतीची मजा जाते, घाटाच्या कडेला मग गप्पा कशाच्या मारायच्या? याबाबत अमेरिकेचा अनुभव अगदी दिलासा देणारा आहे. हिशेब वाढला तशी भांडणं वाढली. पूर्वी दोन आकड्यांवर भांडत, आता वीस आकड्यांवर भांडतात. शोहेई ओहतानी चेंडूही फेकतो आणि फटकेही मारतो, म्हणजे आपल्या भाषेत दोन्ही खांदी चालणारा बैल. त्याचं मोल कसं काढायचं, यावर तिकडे रकाने भरले. आणि २०२४ मध्ये दुखापतीमुळे तो चेंडू न फेकता नुसता फटके मारत राहिला, तरी पुरस्कार एकमतानं त्यालाच दिला. वादाला काही धोका नाही. धोका असलाच तर तो एका जातीच्या वादाला आहे: ज्यात कुणाकडेच वही नसते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा बैल मोठा ठरतो.

मत कुणी द्यायचं, हाही प्रश्न येईल, पण त्यात फार अडायचं कारण नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाच्या शहरातून दोन पत्रकार मत देतात, म्हणजे कुठल्याही एका गावाचा जोर चालत नाही. आपल्याकडे पत्रकारांना मध्ये घेतलं तर जाहिरातीचा दर विचारला जाण्याचा संभव आहे. त्यापेक्षा मत गाडामालकांनीच द्यावं, फक्त स्वतःच्या दावणीतल्या बैलाला देता येणार नाही, अशी एकच अट घालावी. दुसऱ्याच्या बैलाचं खरं मोल मालकाइतकं कुणालाच कळत नसतं. जुगलबंदीसाठी कुणाच्या दारात जायचं, हे तो हंगामाच्या आधीच ठरवून बसलेला असतो. रात्री नऊ वाजता फोन करून ‘तुमचा तो मागचा उजवा रविवारी मोकळा आहे का’ असं ज्या बैलाबद्दल सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं, तो मोलाचा. त्यातून निघालेला निकाल एका दिवसाच्या घाटाचा नसेल, साऱ्या हंगामाचा असेल; म्हणजे ‘आमची बारी उन्हात आली’ ही सबबही संपली.

घोडीचा विचार मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो केला की सगळंच अवघड होतं. तीही घाट चढते, तिच्या चालीवर पुढची जोडी सुटते, आणि एकच घोडी दिवसभरात कित्येक गाड्यांपुढे पळते. साथीदार बदलून पाहण्याची कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर सर्वांत जास्त साथीदार तिचे. ती पुढे असताना पळालेल्या गाड्यांच्या वेळा आणि दुसरी घोडी पुढे असतानाच्या वेळा समोरासमोर मांडल्या, तर बैलांच्या शर्यतीचा सर्वांत मोलाचा प्राणी घोडा निघण्याची शक्यता आहे. तसं झालं तर कमिटीनं काय करायचं, ते कमिटीनं बघावं. हिशेबाला लाज वाटत नाही.

तेव्हा यात्रा कमिट्यांना विनंती इतकीच, आणि तिला खर्च शून्य आहे. येत्या हंगामात टोकन देताना मालकाच्या नावाखाली चार रकाने आखा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येकात बैलाचं नाव लिहून घ्या, आणि पाचवा रकाना आखून त्यात घोडीचं. बारी झाली की समोर सेकंद भरा आणि निवेदकाला ती नावं माइकवर वाचायला लावा. पुरस्कार दोन वर्षांनी दिलात तरी चालेल. वही मात्र पहिल्या टोकनपासून भरायला घ्या.